मान्यिओ नदीवरची दाढ

वाल्दिविया
१८ नोव्हेंबर १९९६

प्रिय मामा,

गुरुवारच्या बसने हे पत्र तुला मिळेल. मिळालं की आधी बस, मग वाच.

भूगोलाच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला एक अभ्यास दिला होता. चार टप्प्यांची साखळी-शर्यत भरवायची तर ती कुठे भरवावी, ते नकाशावर दाखवायचं, प्रत्येक जागेची कारणं द्यायची. चार जणांचा एक संघ. पहिला पळतो, दुसरा सायकल चालवतो, तिसरा होडी वल्हवतो, चौथा घोड्यावर शेवट गाठतो, आणि एकाने दुसऱ्याच्या हातात पट्टा द्यायचा. वर्गात एकवीस जण होते. कुणी तळी घेतली, कुणी समुद्रकिनारा. मी आपलं खोरं घेतलं. खिंडीपासून खाली पळत लाकूडगिरणीपर्यंत, तिथून खडीच्या रस्त्याने सायकल तुझ्या तराफ्याच्या धक्क्यापर्यंत, धक्क्यापासून मान्यिओ नदीतून होडी, आणि शेवटी माळावरून घोडा थेट विया सेनिसाच्या चौकात.

उयोआ सरांनी माझा आराखडा पहिला काढला. एवढंच नाही, विया सेनिसाच्या नगरपालिकेने तो उचलला. फेब्रुवारीत शर्यत खरीच होणार आहे, मामा. माझं नाव नकाशाच्या कोपऱ्यात छापणार आहेत.

एक काम उरलंय. जानेवारीच्या शेवटी तीन दिवस नदीकाठी राहून पाण्याची मापं घ्यायची आणि त्या कागदावर सही करायची. म्हणजे मी येतेय. आई गेल्यावर तू मला ज्या खोलीत निजवलंस ती अजून रिकामी आहे ना?

तुझी
यानिरा

*

पासो मान्यिओ
५ डिसेंबर १९९६

पोरी,

अक्षर बघून दचकू नकोस. हात थरथरतो म्हणून रोसाल्बाबाईंना बसवून सांगतोय. त्या इथल्या शाळेत दोन वर्षांपूर्वी आल्या, चिलोए बेटावरच्या. चांगल्या आहेत, पण मातेच्या पाल्याचा चहा कडू पीत नाहीत, साखर घालतात. हे वाक्य लिहायला त्या तयार नव्हत्या, मी लिहायला लावलं.

तुझी खोली रिकामी आहे. म्हणजे तिच्यात लोकरीच्या दोन गोण्या आहेत, त्या काढीन.

नगरपालिकेची माणसं परवा चाचणी घेऊन गेली. बर्फ वितळतंय, नदी धक्क्याला टेकलेली, होडी सुळकन गेली. मी त्यांना म्हटलं, आत्ता पाणी पाहून खूष होऊ नका. वळणावर दाढ आहे. लहानपणी तुला तिकडे पोहायला जाऊ देत नव्हतो तो खडक. धक्क्याच्या खांबावरच्या पट्टीत पाणी एक मीटरवर आलं की ती दाढ उघडी पडते, तेव्हा सगळे वळसा घालतात. वाईट ती मधली वेळ, पाणी वर आणि दाढ जेमतेम खाली, दिसत काही नाही. ते म्हणाले, मापं विद्यापीठातली मुलगी घेणार आहे. मी म्हटलं, ती मुलगी माझी भाची आहे. मग त्यांनी मला सिगारेट दिली.

खोऱ्याच्या संघातून होडी कोण वल्हवणार, सांग. हीच बाई, जी हे लिहितेय. गावातल्या बाप्यांना ते पचलेलं नाही. अर्सेनियो दुकानदार म्हणतो, बाई खडू धरणार की वल्हं. बाईंनी त्याला शर्यत लावायला बोलावलं, तो आला नाही.

लवकर ये. कोकरू राखून ठेवलंय.

तुझा मामा
सिप्रियानो बारिया

*

वाल्दिविया
१४ जानेवारी १९९७

प्रिय मामा,

रागावू नकोस. मला यायला जमत नाहीये. आधी ताप होता, आता ग्रंथालयातलं काम अडलंय, ते सोडून निघता येत नाही. सरांना विचारलं. ते म्हणाले, नदीवर रोज असणाऱ्या माणसाने मापं घेतली तरी चालतील.

तेव्हा तूच घे. २१, २२ आणि २३ तारखेला दुपारी बारा वाजता धक्क्याच्या खांबावरच्या पट्टीचा आकडा बघायचा आणि लिहून पाठवायचा. त्यावरून दाढेवर किती पाणी आहे ते मी इथे काढीन. पुरेसं असेल तर होडीची रेघ सरळ वळणातून नेते. नाहीतर डावीकडून वळसा द्यावा लागेल, आणि तिथे होड्या अडकतात, शर्यतीची मजा जाते.

तू तीस वर्षं ती नदी बघतोयस. तुझ्या डोळ्यांपेक्षा खात्रीचं माझ्याकडे दुसरं काय आहे.

कोकरू शर्यतीनंतर खाऊ.

यानिरा

*

पासो मान्यिओ
२४ जानेवारी १९९७

पोरी,

ताप उतरला का? वाल्दिवियात पाऊस फार. बाई म्हणतात लिंबू घे.

आकडे लिही म्हणालीस ते असे. २१ तारीख, एक मीटर साठ. २२, एक मीटर बासष्ट. २३, एक मीटर अठ्ठावन्न. तिन्ही दिवस ऊन, वारा पश्चिमेचा. दरसाल या दिवसांत एवढंच असतं. शर्यतीपर्यंत फार तर चार बोटं उतरेल.

बाईंनी आत्ता लिहिता लिहिता विचारलं, मग दाढेवरून सरळ जाऊ ना? मी म्हटलं, डोळे मिटून जा.

खोली झाडून ठेवली होती. असू दे.

मामा

*

वाल्दिविया
३ फेब्रुवारी १९९७

प्रिय मामा,

आकडे मिळाले. छान जमलं. दाढेवर हातभर पाणी निघतं, म्हणून रेघ सरळ काढली आणि कागद पाठवून दिला. सर खूष आहेत. शर्यतीच्या दिवशी, तेवीस तारखेला, मला विया सेनिसाच्या चौकात मंचावर बोलावलंय. तुझ्याकडे वर यायला वेळ होईल की नाही ठाऊक नाही, पण प्रयत्न करते.

घाईत आहे.

यानिरा

*

पासो मान्यिओ
२ मार्च १९९७

यानिरा,

हे मी माझ्या हाताने लिहितोय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, समजून घे. लिहायला आता दुसरं कुणी नाही.

तू मंचावर होतीस असं सगळ्यांनी सांगितलं. निळा झगा, शेजारी नगराध्यक्ष. अपघाताची खबर खाली पोचल्यावर तू संध्याकाळची बस धरलीस असंही सांगितलं. बस आमच्या फाट्यावर थांबते. मी फाट्यावर उभा होतो. ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणाला, मुलगी मागच्या बाकावर झोपलीय. मी म्हटलं, झोपू दे.

झालं ते सांगतो. खोऱ्याचा संघ दुसरा होता. सायकलवाल्याने धक्क्यावर पट्टा दिला, बाई होडीत बसल्या. मी तराफ्यावर होतो. दहा वल्ही मारली असतील, त्या पहिल्या झाल्या. लोक ओरडायला लागले. वळणात त्या सरळ शिरल्या, जशी रेघ होती तशी. मग आवाज आला. लाकूड मोडल्याचा नाही, दगडावर भांडं आपटल्यासारखा. होडी उलटली आणि बाई दाढ आणि होडी यांच्या मध्ये सापडल्या. दोघा जणांनी दोर टाकून काढलं. उजवा खांदा मोडलाय, मनगटाचा चुरा झालाय. कोयायकेच्या इस्पितळात नेलं, परवा परत आणलं. हात गळ्यात बांधलेला आहे. बोटं हलत नाहीत.

दाढेवर अर्धी वीत पाणी होतं.

गावात बोलतात की बाईला पहिलं यायचं होतं म्हणून तिने रेघ सोडून जवळचा रस्ता घेतला. अर्सेनियो दुकानात येईल त्याला हे सांगतो. बाई ऐकून घेतात आणि साखर मागतात.

तुला काही विचारत नाही.

मामा

*

वाल्दिविया
११ मार्च १९९७

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचलं. त्या दिवशी मला मळमळत होतं, म्हणून झोपले होते. तू फाट्यावर आहेस हे कळलं नाही.

रोसाल्बाबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्यासाठी लोकरीची शाल पाठवते आहे.

नगरपालिकेने चौकशी नेमली आहे. दोन माणसं इथे येऊन भेटून गेली. साधे प्रश्न होते. यंदा डोंगरावर बर्फ कमी पडलं होतं, त्यामुळे पाणी एकदम उतरलं असेल. कदाचित प्रवाहाने होडी थोडी उजवीकडे ओढली असेल. बाई रेघेवरच होत्या हे नक्की कुणी पाहिलंय का? काठावरून अंदाज चुकतो. मी कुणाला दोष देत नाही, फक्त विचारतेय.

तब्येतीला जप.

यानिरा

*

पासो मान्यिओ
२३ मार्च १९९७

यानिरा,

चौकशीचा कागद आला. शाळेच्या भिंतीवर लावलाय. मी लाकूडगिरणीतल्या इस्माएलला वाचून दाखवायला सांगितलं. त्याने मोठ्याने वाचलं, माणसं जमली. त्यात लिहिलंय, विद्यापीठाच्या विद्यार्थिनीने तीन दिवस स्वतः काठावर राहून मापं घेतली, तिची सही आहे, आकडे निर्दोष आहेत, अर्थात होडी चालवणारीने आखलेली रेघ सोडली.

तू काठावर नव्हतीस. हे मला ठाऊक आहे आणि बाईंना ठाऊक आहे, कारण आकडे त्यांनीच लिहून पाठवले. त्या गर्दीत उभ्या होत्या. माझ्याकडे वळून त्यांनी पाहिलं. मला त्यांचा चेहरा नीट दिसला नाही. का दिसला नाही, ते आता सांगतो.

दोन वर्षं झाली, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्याने उजेड आणि अंधार कळतो. डाव्याने माणूस कळतो, कोण ते आवाजावरून कळतं. हात कधी थरथरत नव्हता. तराफा लोखंडी दोरावर चालतो, त्याला डोळे लागत नाहीत, म्हणून कुणाला कळलं नाही. कळलं असतं तर धक्का काढून घेतला असता, आणि मग मी काय करणार होतो? घरात बसून लोकर मोजणार?

तू आकडे मागितलेस. मी तिन्ही दिवस बाराला खांबापाशी गेलो. पट्टी दिसली, आकडे नाही. बाईंना बोलावता आलं असतं, शाळा शंभर पावलांवर आहे. मी बोलावलं नाही. दरसाल असतं तेवढं सांगितलं, आणि खरं वाटावं म्हणून एकदा दोन वाढवले, एकदा दोन कमी केले. त्या दोन-दोनची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. अंदाज चुकतो. पण मी तो अंदाज वाटू नये असा सजवला.

आणि पायाला कळत होतं, पोरी. तराफ्यावरून धक्क्यावर चढताना दरसालपेक्षा पाऊल उंच टाकावं लागत होतं. पाय सांगत होते पाणी खाली गेलंय. मी म्हटलं, म्हातारपण.

काल बाईंच्या घरी गेलो आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "डॉन सिप्रियानो, मी तुम्हाला विचारलं होतं. तुमच्या समोर बसून, लेखणी हातात धरून विचारलं होतं."

एवढंच. दार त्यांनी उघडं ठेवलं, पण बसा म्हणाल्या नाहीत.

आज सकाळी तराफ्याची किल्ली गावच्या समितीला दिली आणि कारणही सांगितलं. अर्सेनियोला आता माझ्यावर बोलायला मिळालंय. बाईंना तेवढीच उसंत, असं मला वाटलं होतं. पण तो म्हणतो, म्हातारा बाईला वाचवायला खोटं बोलतोय, विद्यापीठातली मुलगी तर स्वतः तिथे होती, कागदावर आहे.

तुझं तू बघ. मी सांगणार नाही काय कर. मला तो हक्क राहिलेला नाही.

सिप्रियानो

*

वाल्दिविया
४ एप्रिल १९९७

मामा,

चार वेळा लिहिलं आणि फाडलं. हे पाचवं, हे फाडणार नाही.

मला ताप नव्हता. ग्रंथालयात काम नव्हतं. सरांनी कुणाला मापं घ्यायला परवानगी दिली नव्हती, मी त्यांना विचारलंच नाही. २१ ते २३ जानेवारी मी समुद्रावर होते, कॉन्स्तान्साच्या आईवडिलांच्या घरी. ती माझ्या वर्गातली, सांतियागोची. शिंपले खाल्ले, वाळूत झोपले.

आता ते सांगते जे सांगायला नको वाटतंय. मापं दोघींनी मिळून घ्यायची होती. कॉन्स्तान्सा माझी जोडीदार होती आणि तिला यायची फार हौस होती. तुझ्या मामाचं घर बघायचंय, म्हणायची. मला ते घर तिच्या डोळ्यांनी दिसायला लागलं. मेंढीच्या चरबीचा वास, गोण्यांची चादर, मागचा संडास, तू दाढी न करता सूप ओरपत असशील ते. वर्गात मी सांगितलं होतं की माझ्या मामाची नदीवर वाहतूक आहे. त्यांना वाटायचं, बोटी असतील. म्हणून मीच तिला म्हटलं, कशाला एवढं लांब जायचं, आकडे मागवून घेऊ. तुझी लाज वाटली म्हणून आले नाही, मामा. आले असते तर पहिल्याच दुपारी पट्टी वाचली असती, आणि तुझे डोळेही कळले असते.

चौकशीची माणसं आली तेव्हा त्यांनी विचारलं, आपण स्वतः होतात ना? मी हो म्हटलं. एक शब्द. त्यांनी लिहून घेतला. मग तुला विचारलं की बाई रेघेवर होत्या का. ते लिहिताना मला माहीत होतं की मी काय करतेय.

बसमध्ये मी झोपलेली नव्हते. ड्रायव्हरला मीच तसं सांगायला लावलं. खिडकीतून तू दिसलास, टोपी हातात घेऊन.

सोमवारी उयोआ सरांकडे गेले आणि सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, ओरडले नाहीत. त्यांनी ते सगळं माझ्याकडून लिहून घेतलं आणि सही घेतली. म्हणाले, नकाशा चुकला तर दुरुस्त करता येतो. जो माणूस न गेलेल्या जागेवर गेलो म्हणतो, त्याच्या कुठल्याच नकाशावर नंतर कुणी पाय ठेवत नाही. माझं वर्ष रद्द झालंय. पुढच्या मार्चपर्यंत विद्यापीठात पाय ठेवायचा नाही, त्यानंतर घेतील की नाही ते ठरवतील. कॉन्स्तान्साने बोलणं सोडलंय, कारण तिचीही सही होती.

नगरपालिकेलाही फोन करून सांगितलं. उत्तर आलं की चौकशी संपलेली आहे.

म्हणून मी येतेय. भिंतीवर लावलेला कागद तिथेच लोकांसमोर खोडायला हवा. तू मला घरात घेतलं नाहीस तरी चालेल, शाळेच्या ओट्यावर झोपेन.

यानिरा

*

कोयायके, इस्पितळ
१२ एप्रिल १९९७

यानी,

तुझं पत्र गिरणीतल्या इस्माएलने वाचून दाखवलं. बिचारा मध्येच थांबला, म्हणाला, डॉन सिप्रियानो, पुढचं वाचू का? मी म्हटलं वाच.

वास येतो खरा. मलाही येतो.

समितीने मला डोळ्यांसाठी इकडे पाठवलंय. आधी एक करतात, मग दुसरा, म्हणजे महिना जाईल. हे नर्सबाई लिहून देतायत. घराची किल्ली इस्माएलकडे आहे. ओट्यावर झोपू नकोस, एप्रिलात थंडी वाढते. चूल पेटत नसेल तर धुराड्याची झडप उघड.

फाट्यावरचं मला कळलं होतं. झोपलेल्या माणसाचं डोकं खिडकीत ताठ नसतं. एवढं दिसत होतं.

मामा

*

पासो मान्यिओ
२९ एप्रिल १९९७

प्रिय मामा,

हे नर्सबाई तुला वाचून दाखवतील. दाखवू देत. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

मी गुरुवारी पोचले. शुक्रवारी रोसाल्बाबाईंच्या दारात गेले. त्यांनी मला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "मला एकटीला सांगून काय उपयोग? मला ते आधीच माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग." रविवारी शाळेत पालकांची सभा होती. त्यांनी मला तीन वाजता यायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

सभेला चाळीसएक माणसं होती. शेगडीवर किटली होती, माते फिरत होतं, माझ्यापाशी आलं की पुढे जात होतं. मी उयोआ सरांना दिलेला कागद वाचला. समुद्रावर होते ते वाचलं. तुझी लाज वाटली तेही वाचलं, कारण ते गाळलं असतं तर पुन्हा अर्धं खरं झालं असतं. तेव्हा मागे बायकांपैकी कुणीतरी तोंडाने चक् असा आवाज केला. तो आवाज अजून कानात आहे. मला लहानपणी न्हाऊ घालणाऱ्या बायका होत्या त्या. मग मी वाचलं की रोसाल्बा नाव्हेलकिन आखलेल्या रेघेवरून तसूभरही ढळल्या नाहीत, रेघच खोट्या आकड्यांवर काढलेली होती.

वाचून झालं. इस्माएल उठला, भिंतीवरचा चौकशीचा कागद काढला, आणि माझा त्याच खिळ्यांना लावला. अर्सेनियो तिथेच होता. तो म्हणाला, "हे आधी सांगितलं असतं तर आम्ही कशाला बोललो असतो." त्यावर बाई पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, "तिने खोटं लिहिलं, डॉन सिप्रियानोंनी खोटं सांगितलं. तुम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं, अर्सेनियो. तुम्ही आपल्या मनानेच बोललात." तो टोपी घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीच्या हाती साखरेची गोणी आली, निरोप काही नाही. बाईंनी गोणी ठेवून घेतली.

मी येत्या शनिवारच्या बसने परत जाणार होते. बाईंनी थांबवलं. त्यांनी मला क्षमा केली असं समजू नकोस. त्यांनी तसं म्हटलेलं नाही, आणि मी पुन्हा विचारलेलं नाही. त्या म्हणाल्या, डॉक्टरांच्या मते बोटं हलायला वर्ष लागेल, कदाचित हलणारही नाहीत. डाव्या हाताने फळ्यावर लिहिलं की मुलांना वाचता येत नाही. बदली मास्तर मागवला तर शाळा त्याच्याकडे जाईल आणि त्यांना बेटावर परत जावं लागेल. "तुझं वर्ष असंही रिकामं आहे," म्हणाल्या. "मी बोलेन, तू लिहायचं. माझ्या शब्दापेक्षा एक शब्द जास्त लिहायचा नाही."

काल पहिला दिवस होता. एकोणीस मुलं. बाई खुर्चीवर बसल्या, हात गळ्यात बांधलेला. मी खडू घेऊन फळ्यापाशी उभी राहिले. पहिल्या बाकावर इस्माएलची धाकटी आहे, सात वर्षांची. तिने हात वर केला, आणि परवानगी मिळायच्या आतच विचारलं, "आमच्या बाईंचा हात मोडला तो हिच्यामुळेच ना?"

मी बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मदत करणार नव्हत्या हे कळलं. एकोणीस चेहरे माझ्याकडे होते. मला वाटलं होतं की रविवारी सगळं सांगून झालं. तसं नसतं, मामा. ते रोज सांगावं लागतं, आणि लहान मुलांना सांगणं सर्वांत कठीण.

मी म्हटलं, "हो. माझ्यामुळे."

मुलीने हात खाली घेतला. मग तिने वही उघडली.

बाई म्हणाल्या, "आता फळ्यावर आजची तारीख लिही. मोठ्या अक्षरात, मागच्यांनाही दिसली पाहिजे."

मी लिहिली.

तुझी
यानिरा